ओलं कार्ड, सुकं कार्ड

हल्ली कुणी "बॅकअप घेतलाय ना?" असं विचारलं की माझ्या नाकात सुक्या बोंबलाचा वास शिरतो. समोरच्याला वाटतं, बाई नाक मुरडतेय. मुरडत नाही हो. मला फिलूबाय आठवते, एवढंच.

फिलूबाय म्हणजे फिलोमिना, उत्तनची. भाईंदर पश्चिमेला एका फरसाणच्या दुकानाच्या वरच्या माळ्यावर लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ होता. मी तिथं एडिटिंगला बसायचे आणि शेजारच्या टेबलावर फिलूबाय. मी राहायला गोडदेवला, पण घराणं रत्नागिरीचं, त्यामुळे मासळीवरून आमचं पहिल्याच दिवशी वाजलं. ती म्हणाली, रत्नागिरीच्या माणसांना बोंबील कळत नाही. मी म्हटलं, उत्तनच्या माणसांना दुसरं काहीच कळत नाही. झालं, गट्टी जमली ती कायमची.

ठेंगणी, अंगानं भक्कम, चाळिशी उलटलेली आणि बिनलग्नाची. अंगात फुलाफुलांचा फ्रॉक आणि त्याच्या कॉलरला कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा, बारा महिने. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, बिचारी घाईत काढायची विसरली असेल. कुणी तसं सांगितलंच तर ती चिमट्याकडे बघून म्हणायची, "ऱ्हाऊ दे, ड्युटीवर हाय तो."

तिच्या लग्नाचा विषय आम्ही काढत नसू, तो तिची आई काढायची. रोज दुपारी स्टुडिओचा फोन वाजायचा, मी उचलायचे आणि पलीकडून खणखणीत आवाज यायचा, "फिलूनं व्हय म्हटला काय?" म्हणजे परवा जे स्थळ येऊन गेलं त्याला. मी फिलूबायकडे बघायचे. ती स्क्रीनवरची नजर न काढता मान हलवायची. मी म्हणायचे, "नाही म्हणतेय, मावशी." "बरा," म्हणून फोन ठेवला जायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजण्यासाठी.

टेपा होत्या तोवर स्टुडिओत सगळं सुखात चाललं होतं. टेप भरली की तिच्यावर नाव घालून कपाटात ठेवायची, विषय संपला. मग दोन हजार सालानंतरचं पहिलं दशक संपता संपता मालकांनी, जिग्नेशभाईंनी, नवीन कॅमेरे आणले आणि त्याबरोबर आली कार्डं. टपालाच्या तिकिटाएवढी पट्टी, पण किंमत ऐकून घाम फुटावा. त्यामुळे कार्डं मोजकीच. आजच्या लग्नाचं कार्ड कॉम्प्युटरवर उतरवायचं, मग पुसायचं आणि उद्याच्या लग्नाला द्यायचं. थोडक्यात, एकाचं लग्न पुसून त्यावर दुसऱ्याचं चढवायचं. उतरवण्यात चूक झाली तर पहिलं लग्न गेलं. देवाला सांगूनही परत यायचं नाही.

ती चूक पहिल्या महिन्यातच झाली आणि ती केली आमच्या दिलीपनं. दिलीप आमचा मुख्य कॅमेरामन. पोट सुटलेला, हौशी, डाव्या अंगठ्याचं नख लांब वाढवलेला. कॅमेऱ्याची कुठलीही झाकणं, खटके, बटणं तो त्या नखानंच उघडायचा. एका साखरपुड्याचं कार्ड त्यानं स्वतः उतरवलं. उतरवलं कसलं, चोखंदळ पाहुण्यासारखं निवडून घेतलं. ज्या फाइली मोठ्या दिसल्या त्या घेतल्या, बारीकसारीक फोल्डर होते ते "फालतू आहेत" म्हणून सोडून दिले आणि कार्ड पुसून मोकळा झाला. मी एडिटिंगला बसले तर चित्रं नीट उघडेनात. बाकी सगळं ओढूनताणून निघालं, पण नेमकी अंगठी गेली.

जिग्नेशभाईंनी हातापाया पडून दोन्ही घरच्यांना स्टुडिओत बोलावलं आणि अंगठीचा प्रसंग पुन्हा करायला लावला. तेच कपडे, तोच मेकअप. फक्त नवरदेव मधल्या काळात तिरुपतीला जाऊन आला होता. त्यामुळे त्या व्हिडिओत मुलगा केसांनिशी हॉलमध्ये येतो, तुळतुळीत डोक्यानं अंगठी घालतो आणि जेवणाच्या पंगतीत पुन्हा त्याच्या डोक्यावर केस. मी काय करणार? मध्ये स्क्रीनभर गुलाबाची फुलं उडवली.

गिऱ्हाईक शिव्या घालून गेल्यावर फिलूबाय उठली. तिनं खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत, माझ्या डोक्यावरून, एक सुतळी ताणून बांधली आणि पिशवीतून मूठभर लाकडी चिमटे काढले.

"आजपासून कार्डं मी उतरवणार," ती म्हणाली. "खिडकीकडं ती ओली. कपाटाकडं ती सुकी. ओल्याला हात लावाल तर हात तोडीन."

उत्तनला किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या असतात, त्यांवर बोंबील टांगून वाळवतात. ओला बोंबील म्हणजे नाजूक माल, कधी नासेल नेम नाही. कडकडीत सुकला की वर्षभराची निश्चिंती. फिलूबायचं म्हणणं, कार्डाचंही तसंच. शूटिंग करून आलेलं कार्ड ओलं. ते आपल्या प्लास्टिकच्या डबीसकट चिमट्यानं खिडकीकडं टांगायचं. टांगण्याआधी त्याच्या कडेचा बारीक खटका सरकवून कुलूप लावायचं, म्हणजे कॅमेऱ्याला ते पुसताच येत नाही. मग अख्खं कार्ड, आतल्या सगळ्या फोल्डरांसकट, जसंच्या तसं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवायचं. "म्हावरा डोक्यासकट उतरवायचा," ती म्हणायची, "निवडायचा तो घरी गेल्यावर." उतरलं की कार्डाचा आकार आणि डिस्कवरचा आकार ताडून बघायचा. मग पहिली, मधली, शेवटची चित्रफीत उघडून बघायची, आणि ज्या कार्डात लग्नाचा मुख्य विधी असेल ते तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचं. एवढं झालं की कार्ड सुकलं. मगच कुलूप काढायचं आणि चिमटा कपाटाकडं. पुसायचं तेही कॉम्प्युटरवर नाही, ज्या कॅमेऱ्यात घालायचं त्याच कॅमेऱ्यात.

या सगळ्याला वेळ लागायचा आणि जिग्नेशभाईंचा जीव खालीवर व्हायचा. त्यात ते पक्के शाकाहारी. समोरच्या डिशमध्ये फाफडा, डोक्यावर सुतळी, आणि फिलूबाय भर दुपारी ओरडायची, "जिग्नेशभाई, तुमचे बोंबील सुकले!"

"फिलोमिनाबेन, हाथ जोडतो," ते म्हणायचे, "कॉपी हो गया बोलो, बॅकअप हो गया बोलो. मच्छी का नाम मत लो यार, खाली फरसाणवाल्याचे कस्टमर ऐकतात."

"बरा," ती म्हणायची आणि पुढच्या वेळी आणखी मोठ्यानं ओरडायची. मला तर खात्री आहे, तो फाफडा उरला की तिला खायला मिळायचा म्हणून ती हे मुद्दाम करायची.

दोन डिस्कांना तिनं आपल्या दोन भावांची नावं दिली होती, पास्कल आणि इनास. तिचे वडील समुद्रावर जात तेव्हा त्यांनी दोन्ही पोरांना एका होडीत कधी नेलं नाही. एक बरोबर, एक घरी. वादळ विचारून येत नाही. म्हणून पास्कल ही मोठी डिस्क, जिला भिंतीतली वीज लागायची, ती स्टुडिओत राहायची, आणि इनास ही छोटी डिस्क रोज संध्याकाळी बसनं उत्तनला जायची. जायची कशातून, तर फिलूबायच्या सुक्या बोंबलाच्या डब्याच्या पिशवीतून. एकदा जिग्नेशभाईंनी इनास हातात घेऊन कानाला लावली, आवाज बरोबर येतोय का बघायला, आणि लगेच लांब धरली. दिवसभर हात धूत होते बिचारे.

दिलीपला मात्र हे सगळं थोतांड वाटायचं. "अगं, कॉपी कशाला करतेस? कट कर, पेस्ट कर," तो म्हणायचा. "कार्ड आपोआप रिकामं होतं. वेळ वाचतो." फिलूबाय त्याच्याशी वाद घालत नसे. तिनं गणपतीची वाट बघितली.

गणपतीत दिलीपच्या आईनं डबाभर उकडीचे मोदक पाठवले. दिलीप हात धुवायला गेला तेवढ्यात फिलूबायनं त्याचा डबा पुढ्यात ओढला आणि एकेक मोदक उचलून आपल्या डब्यात टाकायला लागली. दिलीप परत आला.

"ए, काय करतेस?"

"कट-पेस्ट," फिलूबाय म्हणाली. अर्धे मोदक झाल्यावर थांबली आणि छताकडे बघून म्हणाली, "अरे देवा, लाइट गेली!"

दिलीपनं आपल्या डब्यात बघितलं, तळाला थोडे. तिच्या डब्यात बघितलं, तिथं एकच. "मधले कुठं गेले?"

"मना काय माहीत? तुज्याकडनं निघाले, माज्याकडं पोचले न्हाय. लाइट गेली ना." गाल फुगलेले होते तिचे, आणि माझेही. दिलीपनं त्या दिवसापासून कट हा शब्द तोंडातून काढला नाही. नख मात्र कापलं नाही.

आणि मग एक दिवस दुपारी फोन वाजला, "फिलूनं व्हय म्हटला काय?" मी सवयीनं फिलूबायकडे बघितलं, तर ती मान हलवेचना. स्क्रीनकडे बघत लाल झालेली. मी फोनवर ओरडलेच, "मावशी, मान हलवत नाहीये हो!"

स्थळ गोराईचं होतं. जोसेफ, होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा, शांत माणूस, विधुर. फिलूबायला तो का आवडला हे मी खोदून खोदून विचारलं. म्हणाली, "मना बघायला आला ना, तवा खिशातनं घराच्या चाव्या काढल्या. दोन जुडगे. एक हरवला तर म्हनून." अशी फिदा झाली.

लग्न ठरलं आणि लग्नाच्या तोंडावर तिची आई मोरीत पडली. कंबरेचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून हलवायचं नाही. चर्चमध्ये नेण्याचा प्रश्नच नव्हता. फिलूबाय लग्न पुढं ढकलायला निघाली, तर आईनं पलंगावरून तिला फटकारलं. "पुढं ढकललास तर तू परत न्हाय म्हनशील. मना ठावकी हाय तू." मग म्हणाली, "इतकी वरसं वाट बगलीय. तू फादरसमोर व्हय म्हनलीस ते मना डोळ्यांनी बगायचंय. न्हाय बगला तर माजा इस्वास न्हाय."

फिलूबायनं आईच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला, दाखवीन. स्टुडिओत येऊन मला म्हणाली, "त्या दिवशी मी नवरी. कार्डाला हात लावता येनार न्हाय मना. कार्डं तू उतरवशील." आणि कॉलरचा चिमटा काढून माझ्या ओढणीला लावला. लगेच परत काढून घेतला. "लग्नाच्या दिवशी देईन," म्हणाली. विश्वास ठेवायला तिला जरा वेळच लागायचा.

शूटिंग जिग्नेशभाईंनी आहेर म्हणून दिलं. उत्तनच्या घरी ओटीवर मी लॅपटॉप मांडला, पास्कल आणि इनास डिस्क जोडल्या, आणि फिलूबायनं स्वतः, हाताला मेंदी लागलेली असताना, खांबापासून खिडकीपर्यंत सुतळी बांधून दिली. समुद्राकडचं टोक ओलं, घराकडचं सुकं. आदल्या दिवशीच्या नाचगाण्याची कार्डं मी सुकवून घराकडं टांगली. लग्नाच्या दिवशी चर्चमधून वरात आली आणि दिलीपनं चर्चचं कार्ड आणून माझ्या हातात दिलं. "यात आहे बघ तिचं हो," म्हणाला. "फादरना दोनदा विचारावं लागलं. पहिल्यांदा बाई माझ्याच कॅमेऱ्याकडं बघत होती, लाल दिवा लागलाय का म्हणून."

मी कुलूप तपासलं, कार्ड लावलं, उतरवायला घेतलं. अर्धं उतरलं आणि लाइट गेली. खरोखरची. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण पास्कलनं मान टाकली. मी म्हटलं, असू दे, अर्धवट काम म्हणजे ओलंच. कार्ड काढून डबीत घातलं, समुद्राकडच्या टोकाला टांगलं आणि लाइट कधी येणार ते विचारायला फिलूबायचा भाऊ पास्कल कुठं दिसतो ते बघायला मांडवात गेले.

परत येते तो सुतळी मोकळी! एक कार्ड नाही, एक चिमटा नाही.

ओटीवर फिलूबायची आत्या बसली होती, रोझीआत्या, मांडीवर टोपली घेऊन. टोपलीत सगळी कार्डं, एकावर एक.

"आत्या, हे काय केलंत?"

"सांज झाली ना," आत्या शांतपणे म्हणाली. "दंव पडंल. टांगलेला तसाच ठेवतात काय?"

आता त्या बाईला काय बोलणार? सगळा जन्म सूर्य कलला की दोरीवर असेल ते काढून टोपलीत भरायचं, हाताला वळणच पडलेलं. दोरीवर बोंबील आहेत की फिलूचं लग्न, हाताला काय कळतं?

"सगळी हायत," आत्या म्हणाली. "एकच त्या पोटवाल्यानं नेली. त्याला रिकामी पायजे होती."

टोपलीतल्या एकाही कार्डाला कुलूप नव्हतं, म्हणजे चर्चचंच गेलं होतं. मी मांडवाकडे धावले. धावताना मनात एकच, मावशींना काय तोंड दाखवू.

मांडवात जनरेटरवर दिवे लागले होते, बँड वाजत होता, स्टेजवर केक मांडला होता आणि फिलूबाय पांढऱ्या गाऊनमध्ये, हातमोजे घालून, जोसेफच्या हातावर हात ठेवून सुरी धरून उभी होती. खाली दिलीप कॅमेऱ्याशी झटापट करत होता. कॅमेरा कार्ड पुसायला तयार नव्हता, कारण कार्डाला कुलूप होतं. शहाण्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला असता. दिलीपनं कार्ड बाहेर काढलं, उजेडात धरलं आणि त्याच्या कडेला डाव्या अंगठ्याचं नख लावलं.

मी "दिलीप!" म्हणून ओरडले, पण बँडपुढं माझा आवाज कुठला? आणि तेवढ्यात स्टेजवरून जी आरोळी आली, तिच्यापुढं बँड बंद पडला.

"दिल्या! ओल्याला हात न्हाय लावायचा!"

जोसेफच्या बाजूची गोराईची मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. नवरीला केक कापताना मासळी कुठून आठवली? फिलूबायनं सुरी जोसेफच्या हातात सोडली, दोन्ही हातांनी गाऊन उचलला आणि स्टेजवरून उतरून दिलीपसमोर उभी राहिली. नुसता हात पुढं केला. दिलीपनं कार्ड तिच्या हातावर ठेवलं. तिनं ते उलटंपालटं करून बघितलं, कुलूप अजून लागलेलं होतं, आणि हातमोज्याच्या आत सरकवलं.

मग माझ्याकडे वळली. मी रडायच्या बेतात. मी सगळं सांगितलं, लाइट, आत्या, दंव. मला वाटलं आता हात तोडते. ती ऐकता ऐकता हसायला लागली, इतकी की डोक्यावरची जाळीची ओढणी तिरकी झाली. "आत्यानं बरोबर केलान," म्हणाली. "चूक माजी. समुद्राकडं तोंड करून दोरी बांधली तर ती दुसरा काय करनार?"

"आता केक काप," मी म्हटलं.

"केक सुकाच असतो. थांबंल," म्हणाली आणि घरात शिरली.

आईच्या खोलीत तिनं लॅपटॉप पलंगावर ठेवला. भाऊ पास्कलनं जनरेटरची वायर खिडकीतून ओढून डिस्क पास्कलला वीज दिली. कार्ड लावलं. अख्खं, डोक्यासकट, दोन्हीकडं उतरेपर्यंत ती गाऊनसकट पलंगाच्या कडेला बसून राहिली. जोसेफ दारात येऊन उभा राहिला, हातात अजून केकची सुरी. मी म्हटलं, "अहो, बसा तरी." तो म्हणाला, "नको, चाललंय ते बरोबर चाललंय." दोन जुडग्यांवाला माणूस, त्याला कळलं असणार.

पुढच्या आठवड्यात ती जोसेफबरोबर गोव्याला गेली, तिथं त्याला बोटींच्या गॅरेजमध्ये काम मिळालं होतं. फोनवर बोलायचो आम्ही, पण तिला डोळ्यांनी पाहिली ती त्या खोलीच्या दारातून शेवटची. मुख्य विधीचं कार्ड सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचं, हा तिचाच नियम. ती आणि तिची आई, उशीला उशी लावून, तो विधी बघत होत्या. मी एक गुलाबाचं फूल उडवलेलं नव्हतं त्यात. दिलीपचे बूट, चर्चचं छत, कुणाचं तरी खोकणं, मग फादरनी विचारलं, फिलूबाय कॅमेऱ्याकडे बघतेय, फादरनी पुन्हा विचारलं, आणि ती म्हणाली, व्हय. आईचा हात फिलूबायच्या मनगटावर होता, हातमोज्यावर. मावशी नुसती मान हलवत राहिल्या. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

चित्रफीत शेवटपर्यंत गेली. बाहेर बँडवाले दम खाऊन पुन्हा सुरू झाले. चिमटा फिलूबायनं मला शेवटपर्यंत दिलाच नव्हता; गाऊनला कॉलर नव्हती, म्हणून आता आईच्या उशाशी ठेवलेल्या फुलांच्या गुच्छाला लावला होता. तो तिनं काढला, कार्डाच्या डबीवर धरला आणि आईला विचारलं, "माय, सुकला म्हनू काय आता?"

मावशींनी पदरानं डोळे पुसले.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "अजून ओला हाय. परत लाव."